अवजार आणि हत्यार

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला किंवा गोदामात काम करणाऱ्या मुलांच्या खिशात हल्ली मोबाईल आणि पाकिटाच्या जोडीला तिसरी एक वस्तू असते. मिटणारा छोटा चाकू. पूर्वी ठेकेदाराने दिलेला प्लास्टिकच्या मुठीचा कटर असायचा आणि शिफ्ट संपली की तो टेबलाच्या खणात राहायचा. आता मुले मोबाईलवर रील बघतात, काळ्या पात्याचा, क्लिपने जीन्सच्या खिशाला अडकवायचा चाकू ऑनलाइन मागवतात आणि पार्सल दारात आई घेते. "काय आलं रे?" "काही नाही अम्मी, कामाचं आहे."

आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत हा संवाद थोड्याफार फरकाने झाला आहे. त्यातल्या एका भगिनीने आम्हाला विचारले, हा चाकू त्याच्याजवळ राहू द्यावा की उचलून नाल्यात टाकावा? पोरगा मेहनती आहे, नमाजी आहे, कधी कोणाशी भांडत नाही. मग भीती कसली, असे त्याच्या अब्बांचे म्हणणे. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून या महिन्याची जागा त्यालाच देत आहोत.

आधी एक गोष्ट मान्य करू. जवळ धारदार वस्तू बाळगणे ही काही नवी किंवा बिघडलेल्या मुलांची सवय नाही. आपल्या आजोबांच्या चंचीत पान, सुपारी, कात आणि अडकित्ता असायचा. अडकित्ता हे पातेच आहे, आणि चांगले धारदार. दादी-नानीच्या पानदानात सरौता असायचा. बदलापूरच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यांवर आजही माणूस रानात निघाला की कमरेच्या आकडीला मागे कोयता अडकवलेला दिसतो. एसटीत त्याच्या शेजारी बसायला कोणी घाबरत नाही. कोयता का आहे, हे त्याच्या कमरेची आकडी, हातातली दोरी आणि डोक्यावरची मोळी सांगत असते.

तोच कोयता पुण्यात शहराच्या गल्ल्यांत मिरवला जाऊ लागला आणि 'कोयता गँग' हा शब्द रोज वर्तमानपत्रात येऊ लागला. २०२३च्या सुरुवातीला तर पुणे पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना ग्राहकाचे आधार कार्ड बघून नोंद ठेवायला सांगितले. ऊस तोडणाऱ्याचे अवजार विकत घेताना आधार कार्ड! लोखंड तेच, लोहार तोच, धारही तीच. बदलली ती फक्त जागा आणि हात.

आम्ही भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. मराठीत सुतार आपल्या रंध्याला आणि पटाशीलाही 'माझी हत्यारे' म्हणतो. उर्दूत मात्र औजार वेगळे आणि हथियार वेगळे, एकाच्या जागी दुसरा शब्द चालत नाही. मराठीतली सुरी आणि उर्दूतली छुरी दोन्ही मुळात एकाच संस्कृत शब्दाच्या लेकी. 'चाकू' फारसीतून आला आणि दोन्ही घरांत रमला. स्टेशनवर पिशवी तपासणारा शिपाई हे व्याकरण बघत नाही. तो बघतो, ही वस्तू या माणसाकडे, या वेळी, या ठिकाणी कशासाठी आहे. त्याला पटेल असे उत्तर असेल तर ते अवजार, नसेल तर हत्यार.

तेव्हा पहिला प्रश्न कामाचा. गोदामात पात्याला काय काम असते? खोक्यावरची टेप कापणे, प्लास्टिकची पट्टी तोडणे, गोणीची सुतळी उसवणे, गुंडाळलेले प्लास्टिक फाडणे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यांत धागे कापायला बोटभर कात्री पुरते. यातल्या एकाही कामाला अडीच-तीन इंचांपेक्षा, म्हणजे सात-आठ सेंटीमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही. लांब पाते उलट खोक्याच्या आत शिरते आणि माल कापते. मग ठेकेदार पगारातून कापतो तो वेगळाच.

खोक्यांच्या कामाला सर्वांत उत्तम तो साधा कटर, ज्याचे पाते पुढे सरकवता येते आणि बोथट झालेला तुकडा मोडून टाकता येतो. ही जपानची देणगी. १९५६ साली ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी तो बनवला. चांभार काचेच्या तुकड्याने चामडे कापत आणि धार गेली की काच मोडून नवी कडा काढत, ते पाहून आणि चॉकलेटच्या वडीवरच्या मोडायच्या रेषा आठवून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. दिसायला फालतू, पण अतिशय अक्कलहुशारीची वस्तू. फक्त मोडलेले तुकडे कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत. ती पिशवी उद्या सकाळी कोणाच्या तरी उघड्या हातांनी चाचपली जाणार आहे. रिकाम्या डबीत जमवावेत, डबी भरली की चिकटपट्टीने बंद करावी.

औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या चांगल्या कारखान्यांत मात्र हाच कटर चालत नाही, कारण मोडलेला तुकडा मालात गेला तर अख्खी बॅच वाया जाते. तिथे एकसंध पात्याचा किंवा हात सैल झाला की आपोआप आत जाणारा कटर मिळतो. जिथे सॉल्व्हंटची पिंपे असतात तिथे साध्या पोलादाचे पाते किंवा खरवडणी घेऊन जाणेच धोक्याचे. लोखंडावर लोखंड घासले की ठिणगी उडू शकते, म्हणून अशा खात्यांत ठिणगी न देणारी, तांब्याच्या मिश्रधातूची अवजारे ठेवतात. अंबरनाथच्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने किती आहेत हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. सांगायचे ते इतकेच, की घरून आपला चाकू घेऊन जाणारा मुलगा कधी कधी कारखान्याचाच नियम मोडत असतो आणि त्याला ते ठाऊक नसते. सुपरवायझरला विचारावे. कामाचे अवजार देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे, ते मागण्यात लाज कसली?

ज्यांना खरोखर फिरते काम आहे, म्हणजे वायरमन, केबलवाला, एसी दुरुस्त करणारा, त्यांना खिशातला चाकू लागतो. त्यांनी मिटणारा घ्यावा, आणि उघडल्यावर पाते जागेवर अडकेल असा घ्यावा. बिनअडकणीचा चाकू जोर लावताना बोटांवर मिटतो. ओपिनेल या फ्रेंच चाकूला मुठीजवळ एक फिरती कडी असते, ती फिरवली की पाते हलत नाही. ही कडी १९५५ची. इतका साधा उपाय, आणि अजून चालतो आहे. स्विस चाकूत पात्यासोबत पेचकस, कात्री, डबा उघडणी असे सारे असते. स्वित्झर्लंडच्या इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून जगभर तो अवजार म्हणूनच ओळखला जातो. त्याचे पाते लहान, मूठ लाल. तो पाहून कोणाच्या छातीत धडकी भरत नाही, आणि आमच्या मते हाच त्याचा मोठा गुण. याउलट काळे पाते, बोटे घालायच्या कड्या, दातेरी पाठ, खटका दाबताच फटकन उघडणारी कमान, हे सगळे धाक घालण्यासाठी घडवलेले असते. सुतळी कापायला धाक लागत नाही. 'वक़्त' सिनेमात (१९६५) राजकुमारच्या हातातला तो चाकूचा प्रसंग आमच्या वडिलांच्या पिढीने किती वेळा नकलून दाखवला असेल! रामपूरच्या कारागिरांचे नाव असे सिनेमाने देशभर नेले, आणि गुंडाच्या हातातली वस्तू म्हणूनच नेले.

न मिटणारा छोटा सुरा मजबूत असतो, धुवायला सोपा असतो, बिजागरी नसल्याने मिटण्याची भीती नसते. खाटीक, मासे साफ करणारे, चामड्याचे कारागीर यांना तोच हवा. पण त्याला म्यान लागते आणि तो कमरेला दिसतो. रस्त्यावर तो बाळगण्याचे कारण कोणाला पटवून देता येईल असे आम्हाला वाटत नाही. तो दुकानात राहावा.

पात्याच्या पोलादाबद्दल दोनच वाक्ये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की साध्या कार्बन पोलादाचे पाते रात्रीत तांबूस होते, म्हणून रोजच्या वापराला स्टेनलेस बरे. आणि धार कायम ठेवावी, कारण बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो, ते घसरते आणि खरी जखम तेच करते.

आता कायद्याकडे येतो, कारण मुलांमध्ये याबद्दल भलत्याच समजुती आहेत. सर्वांत पसरलेली समजूत अशी, की ठराविक इंचांच्या आतला चाकू असला तर कोणी काही करू शकत नाही. याला अर्धा आधार आहे. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे, तलवारी, खंजीर यांची गणना शस्त्रांत केली आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. ऑनलाइन विकणारे हेच पुढे करतात.

पण महाराष्ट्रात दुसरा कायदा आहे, तो कोणी सांगत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. त्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे, तणाव अशा वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याची चौकोनी बातमी येते, आपण ती वाचत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात आणि तिथे असे आदेश वर्षातून अनेकदा निघतात. या कलमात इंच नाहीत. बंदुका-तलवारींच्या बरोबरीने सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात मोडते. आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी खास कारण नोंदवले नाही तर किमान चार महिने, शिवाय दंड. मुलाने चाकू उघडलेला नसला तरी, कोणाला दाखवलेला नसला तरी.

चार महिन्यांची शिक्षा प्रत्येकाला होते असे नाही. पण गुन्हा नोंदला गेला की पुढे काय होते ते आपल्या घरांना जास्त जाचते. कंत्राटी नोकरीलाही हल्ली पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी मागतात. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ खाली फौजदारी खटला चालू असलेल्याला पासपोर्ट नाकारता येतो. मग न्यायालयाची परवानगी आणा, वकील करा, तारखा करा. ज्या घरातला मोठा मुलगा सौदीला किंवा दुबईला जायचे स्वप्न बघतो आहे, त्या घराने साडेचारशे रुपयांच्या चाकूची खरी किंमत इथे मोजावी. आपल्या मुलाचे नाव ऐकून समोरच्याच्या नजरेत फरक पडतो की नाही, यावर वाद घालता येईल. त्याच्या खिशातून खटक्याचा चाकू निघाल्यावर मात्र त्या वादाला जागा उरत नाही.

तपासणीत कधी अडवलेच तर पळू नये, हात खिशात घालू नये. शांतपणे सांगावे की पिशवीत कामाचा कटर आहे, कारखान्याचे ओळखपत्र दाखवावे. अटक झालीच तर तिची खबर घरच्यांना देणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे दोन हक्क घरातल्या प्रत्येक बाईला पाठ असावेत, कारण फोन तिलाच येतो.

काही मुले वेगळेच कारण सांगतात. रात्रपाळी सुटते, एमआयडीसीचा रस्ता सुनसान असतो, मोबाईल हिसकावणारे फिरतात, मग काहीतरी जवळ नको का? ही भीती खोटी नाही आणि तिची थट्टा करू नये. पण हिशेब करून बघा. धक्काबुक्कीत हाताने मारले आणि किरकोळ लागले तर भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तीच किरकोळ जखम पात्याने झाली तर तीन वर्षांपर्यंत. जखम गंभीर झाली तर जन्मठेपेपर्यंत. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण गरजेपुरता. चाकू आधी कोणी काढला हा प्रश्न विचारला गेला की आपला मुलगा फिर्यादीचा आरोपी होतो. त्यातही समोरचे दोघे-तिघे असले तर तो चाकू कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही. बारा हजारांचा मोबाईल देऊन टाकावा. चार जणांनी मिळून रिक्षा करावी, ठेकेदाराकडे बससाठी अर्ज द्यावा, ११२ नंबर लावावा. हे सल्ले बेचव आहेत हे आम्हालाही कळते. सतरा-अठराच्या वयात बेचव सल्ला रीलपुढे टिकत नाही, म्हणून तो एकदा नव्हे, दहादा द्यावा लागतो.

आपल्या दीनमध्ये या विषयावर किती बारकाईने सांगितले आहे, ते मुलांना माहीतच नसते. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांची रिवायत आहे. बाण घेऊन मस्जिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने टोके हाताने धरून ठेवावीत, कोणाला इजा होऊ नये, अशी ताकीद अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी दिली. ज्या काळात शस्त्र बाळगणे ही रोजची गरज होती त्या काळातली ही गोष्ट. आपल्या भावाकडे शस्त्राने इशाराही करू नये, चेष्टेतही नाही, असे दुसऱ्या हदीसमध्ये आहे. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हातात देण्याची मनाई अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आली आहे. स्वयंपाकघरात सुरी देताना मूठ पुढे करावी किंवा सुरी खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, ही सवय आपल्या घरांत कुठून आली, ते यावरून कळावे. आम्ही हे सातवीच्या मुलांना सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग कंपासही तसाच द्यायचा का?" तसाच द्यायचा.

कंपासवरून आठवले. शाळेत मुले शार्पनरचे पाते स्क्रू काढून वेगळे करतात आणि खोडरबर कापत बसतात. कधी अब्बांच्या कामाचा कटर दप्तरात येतो. बहुतेक वेळा त्यात भांडणाचा हेतू नसतो, मोठ्यांची वस्तू जवळ असल्याचा तोरा असतो. अशा मुलाला वर्गासमोर उभे करून काही साधत नाही. घरी कटरची जागा ठरलेली असावी, वर आणि बंद. आणि मुलाला घरातच कापायला द्यावे. दहा-अकरा वर्षांच्या मुला-मुलीला काकडी, बटाटा, पेरू नीट कापता यायला हवा. बोटे आत वळवून, पाते अंगापासून दूर, पाटावर, आई शेजारी बसलेली. ज्याला सुरी चालवता येते त्याला ती मिरवावीशी कमी वाटते, हा आमचा अनुभव आहे. आमच्या घरांत मुलींना हे शिकवतात आणि मुलांना शिकवत नाहीत, मग मुलगा चाकूचे शिक्षण रीलवरून घेतो. कापलेच तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, हात वर ठेवावा, जखम खोल असेल तर टाके आणि धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखाना गाठावा. हळद भरून घरी बसू नये.

राहिली ती बकरी ईद. कुर्बानीच्या सुऱ्या मोठ्या असतात आणि त्या तशाच हव्यात. जबीहाआधी पाते नीट धारदार करावे आणि जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, हे सहीह मुस्लिममधल्या हदीसचे सांगणे. जनावरासमोर धार लावू नये हेही आपल्याला ठाऊक आहे. पण हीच सुरी धारवाल्याकडून घरी आणताना आपण फार बेफिकीर असतो. चौदा वर्षांचा मुलगा दोन सुऱ्या हातात घेऊन सायकलवरून येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मनाई आदेश लागू असण्याची शक्यता सर्वांत जास्त. सुऱ्या आणायला मोठ्या माणसाने जावे. पात्याला जाड पुठ्ठा, त्यावर कापड, वर सुतळी, आणि सगळे बंद पिशवीत. नवी घेतली तर बिल सोबत. धारवाल्याकडून थेट घरी, वाटेत चहा-गप्पा नकोत. गर्दीच्या लोकलने आणण्यापेक्षा धार आपल्याच मोहल्ल्यात लावून घ्यावी. मोबाईलवर सुरीसोबत फोटो काढून स्टेटसला ठेवणे तर साफ बंद करावे. ईद झाली की गरम पाण्याने धुऊन, कोरड्या करून, पात्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवाव्यात. पुढच्या वर्षी गंजलेल्या निघत नाहीत.